गिटार पेडलला वीज देताना: अडॅप्टरची पिन खोचण्याआधी हे वाचा

माझं पहिलं डिले पेडल (गिटारचा आवाज मागून पुन्हा पुन्हा ऐकवणारा, पायाने दाबायचा छोटा डबा) पंधरा सेकंदांत गेलं. मे महिन्यातली दुपार, खोलीत कूलर सुरू, नवीन पेडल हातात आणि बॅटरी संपलेली. घरातल्या वाय-फाय राउटरच्या अडॅप्टरची पिन पेडलच्या भोकात अगदी नीट बसली. दिवा लागला नाही, म्हणून काढून पुन्हा खोचली. तिसऱ्या खेपेला जळका वास आला. सीताबर्डीतल्या ज्या दुरुस्तीवाल्या काकांकडे ते नेलं, त्यांनी झाकण उघडलं, आत एकदा पाहिलं आणि म्हणाले, "पिन बसली म्हणून करंट देऊन राहिले का तुम्ही? पहिले मीटर लावून पाहायचं असते नं भाऊ."

त्या दिवसानंतर मी मीटर लावल्याशिवाय कुठल्याही पेडलला अडॅप्टर लावलेला नाही. नागपुरात गिटार शिकणारी बरीच मुलं आता पेडल घेतात. पण पेडल विकणारा विजेबद्दल सहसा काही सांगत नाही आणि अडॅप्टर विकणाऱ्याला पेडल म्हणजे काय ते माहीत नसतं. या दोघांच्या मधल्या जागेत पैसे जळतात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी हे जवळ ठेवा

- डिजिटल मल्टिमीटर. सीताबर्डीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत काहीशे रुपयांत साधा पिवळा मीटर मिळतो, तेवढा पुरे.
- प्रत्येक पेडलचं माहितीपत्रक. हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या.
- कागदाची पट्टी आणि मार्कर, अडॅप्टरवर नाव लिहून चिकटवायला.
- एक नवी नऊ व्होल्टची बॅटरी, तपासणीसाठी.
- शक्य असेल तर टॉर्च. पेडलवरचे आकडे फार बारीक छापतात.

१. पेडलवर काय लिहिलंय ते वाचा

अडॅप्टरच्या भोकाशेजारी किंवा पेडलच्या खालच्या बाजूला चार गोष्टी सापडतील: व्होल्ट किती, करंट किती, डीसी की एसी, आणि पिनच्या आत प्लस की मायनस.

डीसीची खूण म्हणजे एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ. एसीची खूण नागमोडी. ही नागमोडी रेघ दिसली तर थांबा. बहुतेक पेडल डीसीवर चालतात, पण काही जुनी एसी मागतात. लाइन ६ चं जुनं हिरवं डीएल४ आणि डिजिटेकची चौथ्या पिढीची व्हॅमी ही दोन्ही ९ व्होल्ट एसीची. त्यांना त्यांचाच अडॅप्टर लागतो. सेकंडहँड घेताना असं पेडल अडॅप्टरशिवाय घेऊ नका, नंतर तो शोधताना दमछाक होते.

पिनची खूण अशी असते: मध्ये एक ठिपका, त्याच्याभोवती अर्धवट वर्तुळ, आणि दोन्हींपासून निघालेल्या रेघांच्या टोकाला प्लस आणि मायनस. ठिपक्याची रेघ मायनसकडे जात असेल तर पेडल 'सेंटर निगेटिव्ह'. बॉस, आयबानेझ, एमएक्सआर, झूम, टीसी, या सगळ्या पेडल कंपन्यांत आज हाच प्रघात आहे: ९ व्होल्ट डीसी, सेंटर निगेटिव्ह, बाहेरून ५.५ आणि आतून २.१ मिलिमीटरची पिन.

आणि घरातले बाकीचे अडॅप्टर? राउटर, सेट-टॉप बॉक्स, सीसीटीव्ही कॅमेरा. पिन बहुतेक तशीच, पण आत प्लस, आणि व्होल्ट बरेचदा १२. सगळ्यात जास्त पेडल इथेच जळतात, कारण पिन बसते आणि बसली म्हणजे चालेल असं वाटतं.

२. व्होल्ट आणि करंट यांतला फरक पक्का करा

यात घोळ झाला की पुढचं सगळं चुकतं. मला तो पंगतीवरून कळला.

व्होल्ट म्हणजे भाजीतलं तिखट. सावजीचं तिखट पचवणारा माणूस वेगळा आणि साधं वरण-भात खाणारा वेगळा. ज्याला जेवढं सोसतं तेवढंच वाढायचं. ९ व्होल्टच्या पेडलला १२ दिले तर ते गपगुमान खाईल, आणि मग पोट बिघडेल.

करंट म्हणजे स्वयंपाक किती केला आहे ते. पन्नास माणसांचं जेवण शिजवलं आणि दहाच आले, तर कुणाच्या तोंडात कोंबावं लागत नाही, जो तो भुकेपुरतं घेतो. पण दहाचं शिजवलं आणि पन्नास आले, तर शेवटचे उपाशी उठतात.

म्हणून व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. करंट पेडलवर लिहिलेला असेल तेवढा किंवा त्याहून जास्त देणारा अडॅप्टर चालतो, कमी देणारा चालत नाही. "२००० मिलिअँपिअरचा अडॅप्टर लावला तर माझं छोटं पेडल जळेल का?" हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं. नाही जळणार. व्होल्ट, डीसी आणि पिनची दिशा बरोबर असेल तर निर्धास्त लावा.

काही ओव्हरड्राइव्ह (आवाज थोडा फाटका करणारी पेडल) ९ ते १८ व्होल्टपर्यंत चालतात, आणि १८ वर आवाज मोकळा येतो हे खरं आहे. पण माहितीपत्रकात १८ स्पष्ट लिहिलं असेल तरच द्या. काही पेडलच्या आत व्होल्टेज दुप्पट करणारी ७६६० जातीची छोटी चिप असते. तिच्या साध्या आवृत्तीची मर्यादा साडेदहा व्होल्टच्या आसपास आहे. अशा पेडलला १२ दिले तरी ती चिप जाते.

३. अडॅप्टर मीटरवर तपासा

अडॅप्टरवरच्या छापील आकड्यावर विश्वास ठेवू नका. तपासायला दोन मिनिटं लागतात.

मीटरचं चक्र डीसी व्होल्टच्या २० या खुणेवर आणा. काळी तार 'कॉम' लिहिलेल्या भोकात, लाल तार व्होल्टच्या भोकात. अडॅप्टर भिंतीत लावा. लाल टोक पिनच्या आतल्या भोकात घाला, काळं टोक बाहेरच्या धातूला टेकवा. दोन्ही टोकं एकमेकांना लागू देऊ नका.

- मीटरवर उणे ९ ते उणे ९.६ च्या मधला आकडा दिसला: सेंटर निगेटिव्ह, पेडलला योग्य.
- आकडा बरोबर, पण उण्याची खूण नाही: आत प्लस आहे. लावू नका.
- ९ लिहिलंय आणि मीटरवर १२ ते १४ दिसतंय: हा जुन्या पद्धतीचा, व्होल्टेज स्थिर न ठेवणारा अडॅप्टर आहे. भार नसताना व्होल्ट चढतात, भार पडला की उतरतात, आणि सोबत घरघर येते.
- शून्याच्या आसपास: अडॅप्टर मेला असेल, किंवा एसीचा असेल. फेकण्याआधी एसी व्होल्टच्या खुणेवर पुन्हा तपासा.

ज्यावर ३, ४.५, ६, ७.५, ९, १२ असा सरकता खटका असतो आणि पिन उलटी करून लावता येते, तो 'एलिमिनेटर' आपल्याकडे अजून मिळतो. पेडलसाठी मी तो घेऊ नका असंच सांगेन. बॅगेत खटका सरकतो, पिन कुणीतरी उलटी लावतो, आणि आतलं व्होल्टेजही स्थिर नसतं.

तपासून झालं की लगेच पट्टी चिकटवा: "पेडल, ९, आत मायनस". बाकी अडॅप्टरवर "पेडलला नाही" असं मोठ्या अक्षरात लिहा. घरातलं दुसरं कुणी आवराआवर करतं तेव्हा हीच पट्टी पेडल वाचवते.

एक धोका इथेच सांगतो. मीटर करंटच्या खुणेवर असताना टोकं कधीही अडॅप्टरच्या पिनला लावू नका. त्या खुणेवर मीटर म्हणजे जवळपास उघडी तारच असते. अडॅप्टर शॉर्ट होतो, मीटरचा फ्यूज उडतो.

४. करंटची बेरीज करा

कागद घ्या. प्रत्येक पेडलसमोर त्याचा करंट लिहा. अंदाज यावा म्हणून: बॉसचं डीएस-१, म्हणजे १९७८ पासून बाजारात असलेलं नारिंगी डिस्टॉर्शन, फक्त ४ मिलिअँपिअर घेतं. त्याच कंपनीचं डीडी-८ डिले ६५, आणि आरव्ही-६ रिव्हर्ब ९५. स्ट्रायमनचं बिगस्काय ३०० मागतं. झूमचं एमएस-५०जी चालवायला कंपनीचा अडॅप्टर ५०० मिलिअँपिअरचा आहे. साधारणपणे ॲनालॉग डिस्टॉर्शन, फझ, ओव्हरड्राइव्ह चिमणीएवढं खातात. डिजिटल डिले, रिव्हर्ब, लूपर, मल्टिइफेक्ट यांची भूक मोठी.

माझ्या पेडलबोर्डवर (सगळी पेडल मांडून ठेवायच्या पाटीवर) हिशोब असा आहे: ट्यूनर ३०, ओव्हरड्राइव्ह ८, डिस्टॉर्शन ४, कोरस २०, डिले ६५, रिव्हर्ब ९५. एकूण २२२. त्यावर तीसेक टक्के मोकळीक ठेवली की २९० च्या घरात जातं. म्हणजे ५०० चा अडॅप्टर आरामात पुरेल. मोकळीक ठेवायची कारण उन्हाळ्यात ४५ अंशांत, बंद बोर्डच्या खाली, कडेलोटाला चाललेला अडॅप्टर हात लावू देत नाही इतका तापतो आणि लवकर मरतो.

करंट कमी पडला तर पेडल जळत नाही, विचित्र वागतं. डिले मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो, स्क्रीन लुकलुकते, आवाजात चरचर येते. लोक पेडल दुरुस्तीला नेतात, दोष अडॅप्टरचा असतो.

५. बॅटरी, डेझी चेन की आयसोलेटेड पुरवठा?

बॅटरी. एक-दोन ॲनालॉग पेडल असतील तर बॅटरी उत्तम. तिच्याइतकी शांत वीज दुसरी नाही. साध्या नऊ व्होल्टच्या बॅटरीत साधारण ४०० ते ५०० मिलिअँपिअर-तास असतात. डीएस-१ त्यावर शंभर तास चालेल. ९५ चं रिव्हर्ब चार-पाच तासही चालणार नाही. इनपुटमध्ये केबल खोचलेली असेल तोवर पेडल बंद असलं तरी बॅटरी संपत राहते, तेव्हा वाजवून झालं की केबल काढा. आणि पेडल कायम अडॅप्टरवर असेल तर आतली बॅटरी काढून ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती फुटून पाझरली की स्प्रिंगपासून तारांपर्यंत सगळं हिरवं पडतं.

डेझी चेन. एकच अडॅप्टर आणि त्याच्या वायरला पाच-सहा पिना. स्वस्त, हलकं, सुरुवातीला पुरेसं. अट एवढीच की सगळी पेडल ९ व्होल्ट सेंटर निगेटिव्ह हवीत. त्यात एखादा जुन्या घडणीचा जर्मेनियम फझ घुसला, ज्याचा मायनसऐवजी प्लस ग्राउंडला जोडलेला असतो, तर गिटारच्या केबलमधूनच सगळी साखळी शॉर्ट होते. तो फझ बॅटरीवर वेगळा ठेवा.

डेझी चेनची दुसरी अडचण आवाजाची. डिजिटल पेडलच्या आत वेगाने उघडझाप करणारं सर्किट असतं. त्याची किणकिण त्याच वायरीने शेजारच्या डिस्टॉर्शनमध्ये जाते, आणि डिस्टॉर्शन तिला शंभर पट मोठी करतं. डासाच्या गुणगुणीसारखा बारीक आवाज येत असेल तर कारण बहुतेक हेच.

आयसोलेटेड पुरवठा. इथे प्रत्येक तोंडाला स्वतंत्र वीज मिळते, एकाचा कचरा दुसऱ्यात जात नाही. महाग आहे. माझं मत विचाराल तर चौथं पेडल घेण्याआधी हे घ्या. चांगल्या पेडलला वाईट वीज दिली तर पेडलचे पैसे वाया जातात.

बाजारात 'आयसोलेटेड' लिहिलेले, आतून मात्र साधी डेझी चेन असलेले डबे भरपूर आहेत. ओळखायचे असे: डबा भिंतीतून काढा, मीटर बीप वाजणाऱ्या खुणेवर आणा, एका तोंडाच्या आतल्या (मायनस) भागाला एक टोक आणि दुसऱ्या तोंडाच्या आतल्या भागाला दुसरं टोक लावा. बीप वाजली तर दोन्ही आतून जोडलेली आहेत. दुकानातच तपासा. कुणी नाही म्हणत नाही.

आणखी एक सापळा, नातेवाईक अमेरिकेत असणाऱ्यांसाठी. तिथून आणलेले ट्रान्सफॉर्मरवाले काही पुरवठे फक्त १२० व्होल्टचे असतात. आपल्या २३० वर लावताच धूर. मागच्या बाजूला '१००-२४०' किंवा '२३०' लिहिलेलं असेल तरच लावा. इथे घेत असाल तर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि नोंदणी क्रमांक आहे का तेही बघा.

६. पॉवर बँकेवर चालवायचं असेल तर

फुटाळा तलावावर किंवा कॉलेजच्या कट्ट्यावर वाजवणारे हे विचारतात. पॉवर बँक साधारण ५ व्होल्ट देते, पेडलला ९ लागतात, म्हणून व्होल्टेज वाढवणारी केबल लागते. दोन गोष्टी सांभाळा. या केबली बहुतेक राउटरसाठी बनतात, आत प्लस असतो. मीटर लावा, आणि उलटी असेल तर पिनची दिशा बदलणारा छोटा जोड घ्या. दुसरं, भार फार कमी असला की बऱ्याच पॉवर बँका 'फोन भरला' असं समजून आपोआप बंद होतात. एकटं डिस्टॉर्शन लावलं तर गाण्याच्या मधेच वीज जाईल. सोबत डिजिटल डिले असेल तर सहसा टिकते.

७. जोडणी करा आणि आवाज शोधा

सगळी पेडल एकदम जोडू नका. ॲम्पचा, म्हणजे गिटारच्या ॲम्प्लिफायरचा, आवाज कमी ठेवा, एक पेडल लावा, ऐका. मग दुसरं. कुठल्या पेडलनंतर गुणगुण सुरू झाली ते लगेच कळतं. शंका आलेल्या पेडलला बॅटरी लावून पाहा. बॅटरीवर शांत असेल तर दोष विजेचा, पेडलचा नाही.

घरघर जाड, ५० किंवा १०० हर्ट्झची असेल तर घरातल्या वायरिंगकडे बघा. मे महिन्यात माझ्या खोलीत कूलरचा पंप सुरू झाला की ॲम्पमध्ये टक्क आवाज येतो आणि मागे घरघर लागते. पंख्याचा रेग्युलेटर आणि स्वस्त एलईडी दिवेही हेच करतात. ॲम्प आणि पेडलबोर्ड भिंतीवरच्या एकाच स्विचबोर्डावर, कूलर दुसऱ्या, एवढ्यानेच बराच फरक पडतो.

घरघर घालवायला तीन पिनच्या प्लगची अर्थिंगची मोठी पिन काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. हे कधीही करू नका. ॲम्पमध्ये बिघाड झाला तर २३० व्होल्ट गिटारच्या तारांवर येतात. महालातल्या, इतवारीतल्या जुन्या घरांमध्ये अर्थिंगचं भोक असतं, पण मागे तारच जोडलेली नसते. तारांना हात लावून मायकला ओठ लावल्यावर चटका बसत असेल तर वाजवणं थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

८. गणपतीच्या मांडवात, जनरेटरवर

मंडळाच्या कार्यक्रमात जनरेटर, झगमग दिवे आणि साउंडवाले सगळे एकाच वायरीवर असतात. व्होल्टेज वरखाली होतं. १०० ते २४० वर चालणारा अडॅप्टर हे बरंच सोसतो, ट्रान्सफॉर्मरवाला तेवढं सोसत नाही. स्वतःचा स्पाइक गार्ड न्या आणि साउंडवाल्या दादाकडून त्याच्या मिक्सरच्या बोर्डावरच जागा मागून घ्या. दिव्यांच्या बोर्डावर नको. जनरेटर सुरू होताना किंवा बदलताना पेडलबोर्डचा खटका बंद ठेवा. वीज स्थिर झाली की चालू करा. दोन नव्या बॅटऱ्या बॅगेत असू द्या.

९. चुकीचा अडॅप्टर लागलाच तर

ताबडतोब काढा, आणि 'चालतंय का बघू' म्हणून पुन्हा लावू नका. मी तिथेच चुकलो. उलटी वीज आली तर बऱ्याच पेडलमध्ये आत एक डायोड असतो, बहुतेक १एन४००१ किंवा ४००७ जातीचा, जो स्वतः जळून पुढचं सर्किट वाचवतो. तेवढाच गेला असेल तर काही रुपयांचा भाग आणि दहा मिनिटांचं काम. माझ्या पेडलमध्ये पहिल्या झटक्याला डायोडनेच जीव दिला होता. मी पुन्हा पुन्हा पिन खोचली, तो पूर्ण तुटला, आणि उलटी वीज थेट चिपपर्यंत पोचली.

पेडल बाजूला ठेवा, केबल आणि बॅटरी काढा. दुरुस्तीला नेताना कुठला अडॅप्टर लावला होता ते खरं सांगा आणि तो अडॅप्टरही सोबत न्या. काकांनी मला पहिला प्रश्न तोच विचारला होता. परत आल्यावर आधी बॅटरीवर तपासा. त्यावर नीट चाललं, तरच मीटर लावून पाहिलेला अडॅप्टर जोडा.